धाकटीने शिवलेली पर्स

ताईला अख्खी गल्ली पाठीमागे उसवणताई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा जरा अभिमानच होता. कुणाचंही शिवणकाम हातात आलं की ती आधी ते उलटं करायची, शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवायची आणि नख कुठे अडखळलं की एकच शब्द बोलायची. "उसव." त्यापुढे कुणाची मात्रा चालायची नाही. एकदा शेजारच्या मुलीच्या लग्नात ती शुभेच्छा द्यायला म्हणून पुढे गेली, नवरीच्या घागऱ्याच्या घेराची तुरपाई तिच्या नजरेस पडली, आणि बाई तिथेच खाली बसल्या. "कुणाकडे सुई आहे का गं?" पाहुण्यांची रांग खोळंबली, नवऱ्या मुलाचं तोंड एवढंसं झालं, फोटोवाल्याने कपाळाला हात लावला. त्या लग्नाच्या फोटोंत नवरीच्या पायाशी एक वाकलेली पाठ दिसते, ती ताईची.

तेव्हा मागे उभी राहून तोंडाला रुमाल लावून हसत होती ती धाकटी. ताईची सख्खी बहीण, पण स्वभावाने दुसऱ्याच घरची वाटावी अशी. ताई तोलूनमापून बोलायची, ही सुटली की सुटली. ताईची कात्री, खडू, टेप सगळं जागच्या जागी. ही घरभर टेप शोधायची आणि तो हिच्या गळ्यातच असायचा. आई गेली तेव्हा धाकटीचे दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते. ताईनेच तिच्या वेण्या घातल्या, तिला न्हाऊमाखू घातलं आणि तिच्या हातात पहिली सुई दिली. आई एका कारखान्यासाठी शर्टांच्या कॉलरी शिवायची. तिच्याकडून ताईकडे कात्री आली, मशीन आलं, आणि 'उसव' हा शब्दही तिच्याकडूनच आला.

पुढे धाकटीचं लग्न झालं, आणि फार दिवस लोटले नाहीत तोच ती कडेवर मुलगी घेऊन परत आली. नवरा अपघातात गेला होता. ताईने दोन समजुतीचे शब्दसुद्धा काढले नाहीत. तिने कामाचं टेबल भिंतीकडे सरकवलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पोरीचा पाळणा टांगला. ताईची माया ही अशी, जागा करून देणारी. ती तोंडावाटे कधी बाहेर पडायची नाही, आणि पुढे जे काही बिनसलं ते त्यामुळेच बिनसलं.

त्यांची खोली एका लाँड्रीच्या डोक्यावर होती. खालच्या वाफेने फरशी कायम कोमट असायची आणि थंडीच्या दिवसांत दोघी तळवे फरशीला टेकवून शिवत बसायच्या. टेबल म्हणजे लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं एक जुनं दार होतं. त्याची कडी काढली होती, पण कुलपाचं भोक तसंच होतं, आणि सांडलेले मणी धाकटी हाताने लोटत लोटत त्या भोकातून खालच्या डब्यात पाडायची. पडद्यांच्या दुकानातून उरलेले तुकडे यायचे. साटीन, मखमल, जाडंभरडं सुती, जे येईल ते. त्यांच्या पर्सा व्हायच्या आणि बाजारातल्या बॅगवाल्याकडे जायच्या. बॅगवाला मोठा गोडबोल्या. "ताई, तुमची पर्स फाटत नाही हीच माझी पंचाईत आहे," तो म्हणायचा. "गिऱ्हाईक परत म्हणून येत नाही!"

पर्स दिसायला वितीएवढी, पण तिच्या पोटात बरंच काही असतं. वर साटीन, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली मलमल. तिन्ही कच्च्या टाक्यांनी एकत्र धरायचे, वर खडूने तिरप्या रेघा आखायच्या आणि रेघेरेघेवरून हाताने धावदोरा घालायचा. दोऱ्याने कापूस दाबला गेला की मधल्या चौकटी फुगून वर येतात. एवढं ताईचं काम. मग झाकणाचा तुकडा धाकटीकडे जायचा. ती त्यावर कापडी फूल बसवायची, पाकळ्यांच्या कडेने मणी ओवायची, मधोमध एखादं नक्षीचं बटण, किनारीला लेस. शेवटी ताई अस्तर लावून सगळं उलट्या बाजूने जोडायची आणि अस्तरात ठेवलेल्या फटीतून पर्स बाहेर ओढायची. त्या क्षणी धाकटी दर वेळी म्हणायची, "झालं बाई बाळंतपण!" आणि ताई दर वेळी म्हणायची, "पुरे."

धाकटीची एक खोड होती. लाल मण्यांच्या फुलात कुठेतरी एक निळा मणी, पांढऱ्यांत एक पिवळा, असा एक मणी ती मुद्दाम वेगळा घालायची. "सगळे सारखे असले तर बघणारा बघणार काय?" असं तिचं म्हणणं. ताईला तो मणी डोळ्यांत सलायचा, सुरुवातीला तिने कितीतरी उसवायला लावले. मग धाकटी ते लपवायला शिकली, लेसच्या दुमडीत, पाकळीच्या पोटात. ताईला ते सापडायचे, पण ती कानाडोळा करायची. आयुष्यभरात कुणाच्या चुकीकडे ताईने कानाडोळा केला असेल तर तो तेवढ्या एका मण्यापुरता.

आणि एवढ्या पर्सा शिवणाऱ्या ताईकडे स्वतःची पर्स मात्र नव्हती. किल्ली, चष्मा, बसचे सुटे पैसे असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ती वर रबर लावायची. धाकटी तिला यावरून छळायची. "अगं, लोक बघतील तर म्हणतील, हिचा हिच्याच मालावर भरवसा नाही!" ताई म्हणायची, "विकायच्या वस्तूत जीव अडकवू नये." धाकटी म्हणायची, "बघ हं, एक दिवस मीच शिवीन तुझ्यासाठी. अख्खी. तुझा हात न लागता." ताई हसायचीसुद्धा नाही. धाकटीच्या धावदोऱ्यावर तिचा विश्वास नव्हता.

भाची मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेली. बहिणी दोघीच उरल्या. आणि मग धाकटीचं काम बिघडायला लागलं.

आधी मण्यांच्या ओळी नागमोडी यायला लागल्या. मग बटणं सैल. मग पाकळीची कड टाक्यातून सुटलेली. ताईचं नख पावलोपावली अडखळायला लागलं. "उसव," ती म्हणायची. धाकटी उसवायची, पुन्हा घालायची, ते पहिल्यापेक्षा वाईट यायचं. ताईचा पारा चढायचा. "लक्ष कुठंय तुझं?" जी बाई सुईत दोरा ओवतानाही बडबडायची ती मूग गिळून गप्प बसायला लागली, आणि ताईला वाटलं, कामाचा कंटाळा येतोय हिला. मधूनच धाकटी उजवा हात मांडीखाली दाबून नुसती बसून राहायची. ताईला तेही दिसलं. तिने त्याला आळस म्हटलं.

एक दिवस बॅगवाल्याने एक पर्स परत पाठवली. झाकणावरचं फूल लोंबत होतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ताईने ती पर्स धाकटीच्या पुढ्यात टाकली.

"हात आहेत की पाय गं तुझे?"

धाकटीने फूल हातात घेतलं, खाली ठेवलं. "कंटाळा आलाय ताई मला," ती म्हणाली. "पोरगी कधीची बोलावतेय. मी जाते तिच्याकडे राहायला."

"जा," ताई म्हणाली.

बास, एवढंच. जन्मभर एका टेबलावर बसलेल्या दोघी बहिणींचा निरोप एवढ्यात आटोपला. त्यानंतर ताईने मशीनला तेल घातलं आणि कामाला बसली. तिला आतून चांगलंच लागलं होतं, पण ते कबूल करण्यापेक्षा तिने रागावणं पसंत केलं. लाँड्रीवाल्याने विचारलं, "धाकट्या दिसत नाहीत?" तर ही म्हणाली, "त्यांना कंटाळा आला." शब्द जरा जास्तच जोरात आले. फुलं आता ताईच करायला लागली. ती इतकी सरळ यायची की बॅगवाला पर्स हातात घेऊन म्हणाला, "छान आहे हो ताई, पण हसत नाही."

थंडी सरता सरता भाचीचा नवरा दारात उभा राहिला. कामानिमित्त या बाजूला आला होता. जावई माणूस सोन्यासारखा, पण त्याच्याकडून दोन वाक्यं सलग ऐकायची म्हणजे कठीणच. त्याने कागदात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. "आईंनी दिलीय. तुमच्यासाठी." त्याला चहा दिला, तो प्याला, परवा जाताना पुन्हा येतो म्हणाला आणि गेला.

आत पर्स होती. गडद जांभळं साटीन, झाकणावर लाल फूल. ताईने सवयीने ती उलटी केली आणि नख फिरवलं. नख जागोजागी अडखळलं. धावदोरा रेघ सोडून भरकटला होता. एक टाका नखाएवढा, पुढचा तिळाएवढा, काही ठिकाणी एकावर एक. चौकटी म्हणाव्यात तर कुणाला तीन कोपरे, कुणाला पाच. मणी दारुड्यांसारखे उभे. फुलात एक आकाशी मणी होता, लपवलेला नव्हता, भर मध्ये, बटणाला खेटून. आत एक लांबडा, अरुंद खण होता, कशासाठी कोण जाणे.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. तिला वाटलं, ही थट्टा आहे. कंटाळा आला म्हणून गेली आणि कंटाळ्याने चार टाके मारून पाठवलं, घे, तुझ्या कामाची किंमत ही एवढी. आपण शिकवलेल्या हाताने असं शिवावं? दुसऱ्या कुणाला असा संशय आला नसता. दुसऱ्या कुणीही ती पर्स बघून, अरे वा, म्हटलं असतं आणि खांद्याला लावली असती. पण ताईला टाक्यांपलीकडचं वाचता येत नव्हतं, आणि टाके तर वाईटच होते.

तिने ब्लेड घेतलं आणि पर्स उसवली. झाकण, खण, अस्तर, धावदोरा, सगळं. दोऱ्याचे तुकडे फरशीवर पडत गेले. आकाशी मणी सुटला, टेबलावरून उडून कुठेतरी मशीनखाली गेला; एका मण्यासाठी कोण वाकणार, म्हणून तिने तो तसाच सोडला. मग खडूने नव्या रेघा आखल्या आणि सगळं पुन्हा शिवलं. साटीनचं एक असतं, त्याला सुईचं भोक पडलं की पडलं, ते बुजत नाही. जिथे जुनी भोकं उघडी पडत होती तिथे तिने मण्यांच्या रांगा बसवून ती झाकली. लांबडा खण तिला विजोड वाटला, तो कापून लहान केला. पर्स अशी झाली की काचेच्या कपाटात ठेवावी.

जावई परत जाताना आला तेव्हा ताईने ती त्याच्या हातात दिली. "तिला दाखव. म्हणावं, पर्स अशी शिवतात."

जावयाने पर्स उघडून पाहिली. त्याचा चेहरा उतरला. "मावशी, आईंनी ही..." तो म्हणाला, आणि थांबला.

"काय आईंनी?"

"नाही. सांगू नका म्हणाल्यात."

"मग नको सांगूस," ताई म्हणाली आणि मशीन सुरू केलं. तो दारात जरा वेळ घुटमळला. त्याला 'सांग बाबा' एवढं म्हणायला तिला काय झालं होतं, हे ताईने नंतर स्वतःला खूपदा विचारलं.

भाचीचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी, दुपारचा.

"मावशी, काय केलंस हे तू?"

"काय केलं? सरळ केली."

"सरळ केली," भाची म्हणाली. "आईचा हात थरथरतो, मावशी. तिथे होती तेव्हापासूनचा. डॉक्टर म्हणतात हे आता वाढतच जाणार. चमचा तोंडाशी नेईपर्यंत अर्धं सांडतं. सकाळी गोळी घेतली की थोडा वेळ हात जरा थांबायचा, तेवढ्यात ती तुझ्या पर्सचे टाके घालायची. मी म्हटलं, मी घालते, तर हात लावू दिला नाही मला. अख्खा हिवाळा शिवत होती. आता तर सुई धरताच येत नाही तिला. ते शेवटचंच होतं तिच्या हातचं."

ताईला बसायला खुर्ची सापडेना. "मग मला सांगितलं का नाही गं कुणी?"

"आई म्हणाली, ताईला नाही सांगायचं. ताईला कीव करता येत नाही आणि मला तिची कीव नकोय. तिला फक्त पर्स दे, म्हणाली. तिला टाक्यांवरून कळेल."

टाक्यांवरून कळेल. साऱ्या जगात टाके वाचणारी एकच बाई धाकटीला ठाऊक होती, आणि तिने सांगायचं ते सगळं टाक्यांत सांगितलं होतं. इथे हात उडाला, इथे थांबले, इथे पुन्हा धरली सुई. ताईने ते सगळं वाचलं होतं आणि त्यावर एकच शेरा मारला होता. हात आहेत की पाय, ते तिचेच शब्द तिला आठवले. मांडीखाली दाबलेला हात आठवला. तो लांबडा खण कशासाठी होता हेही तिला आता, फोन हातात धरून उभी असताना, कळलं. तो तिच्या चष्म्यासाठी होता.

तिने मशीन ओढून बाजूला केलं आणि गुडघे टेकून फरशी चाचपायला लागली. टाचण्या निघाल्या, लाल मणी निघाले, पांढरे निघाले, केव्हाची हरवलेली एक रिळाची दांडी निघाली. आकाशी मणी निघाला नाही. मध्ये कितीतरी वेळा झाडलोट झाली होती. लांब केरसुणी घालून कोपऱ्यापर्यंत झाडणारी ती स्वतःच होती. ती फरशीवर बसून रडली. खाली लाँड्रीचं यंत्र धडधडत होतं, तेव्हा कुणाला ऐकू गेलं नसावं.

दुसऱ्याच दिवशी ती बसमध्ये बसली. प्लास्टिकच्या पिशवीत किल्ली, चष्मा, सुई, दोऱ्याचं रीळ आणि कागदात गुंडाळलेलं ब्लेड. तिला काय हवं होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं. तिला तिची पर्स हवी होती. ती वाकडी, पाच कोपऱ्यांच्या चौकटींची.

भाचीने दार उघडलं. एरवी मावशीच्या पाया पडायची, ती आज नुसतीच बाजूला सरली. धाकटी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. उजव्या हातावर डावा ठेवून, उडणारं पाखरू धरावं तसा तो दाबून. चेहरा ओढलेला होता, पण डोळे तेच.

"आलीस?" ती म्हणाली. "आणि पिशवी अजून तीच का गं?"

ताईने चप्पल काढली, तिच्यासमोर बसली. वाटेत तिने बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघत होते आणि ते तिला नीट म्हणताही आले नाहीत.

"काय चुकलं?" धाकटी म्हणाली. "मी बघितली ना. टाके तर सगळे सरळ आहेत."

ताईने मान खाली घातली. स्वयंपाकघरात भाचीने भांडं जरा जोरातच आदळलं.

"माझी पर्स दे मला," ताई म्हणाली.

"कुठली तुझी? मी शिवलेली तू उसवलीस. आता जी आहे ती तू शिवलेली आहे. त्यात माझा एक टाका नाही." धाकटीच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर ताईला सोपं गेलं असतं. "कपाटात आहे. जाताना बॅगवाल्याला दे. चांगली विकली जाईल."

ताई उठली आणि कपाटातून पर्स घेऊन आली. पिशवीतून काढून तिने आपला चष्मा त्या खणात घालून पाहिला. तो अर्धा बाहेर राहिला. तिने तो पुन्हा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पिशवीतून ब्लेड काढलं.

"काय करतेस?"

"उसवते."

झाकणावरची मण्यांची पहिली रांग तिने कापली, मग दुसरी. मणी तिच्या पदरात पडत गेले. ज्या बाईने जन्मभर वाकडे टाके उसवले ती आज एकेक सरळ टाका उसवत होती. मण्यांखालून साटीन उघडं पडलं. त्यात भोकं होती, बारीक, वेडीवाकडी, कुठे लांब, कुठे एकाला एक चिकटून. धाकटीचा हिवाळा त्यात तसाच होता.

ताईने सुईत दोरा ओवला आणि त्या भोकांमधून परत टाके घालायला लागली. पण तिचा हात ऐकेना. वर्षानुवर्षांची सवय, सुई आपोआप सरळ रेघ धरायची, भोक सोडून शेजारी घुसायची. तिने उसवलं. पुन्हा घातलं. पुन्हा सरळ. शेवटी तिने सुई डाव्या हातात घेतली.

आता टाके वाकडे आले. सुई बोटाला टोचली, दोऱ्याला गाठ पडली, ताईच्या कपाळावर घाम आला. धाकटी इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिने मान वळवली.

"तिथे नाही," ती म्हणाली. "खालच्या भोकात. तिथे माझा हात घसरला होता."

ताईने खालच्या भोकात सुई घातली.

"आता लांब घे. अजून लांब. त्या दिवशी गोळी उशिरा घेतली होती मी."

"इथे दोन भोकं आहेत."

"दोनदा टोचलं. पहिल्यांदा कापडातून थेट माझ्याच बोटात." धाकटी हसली. "आणि तू असं तोंड वाकडं करून का शिवतेस गं? पर्स वाकडी करायचीय, तोंड नाही." स्वयंपाकघराच्या दारात भाची येऊन उभी राहिली होती, तीही हसली, आणि लगेच पदराने डोळे टिपायला लागली. ताईला वाटलं, जमलं. उशीर झाला खरा, पण जमलं. दुपार कलेपर्यंत ती शिवत राहिली, धाकटी सांगत राहिली, आणि झाकणावरची एक तिरपी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी झाली.

"तुझा आकाशी मणी मला सापडला नाही," ताई म्हणाली. "खूप शोधला."

"एकच होता तो," धाकटी म्हणाली. "आण बघू इकडे."

तिने डावा हात बाजूला केला. उजवा मोकळा झाला तसा थरथरायला लागला. ताईने पर्स तिच्या मांडीवर उलटी धरली, हलू नये म्हणून दोन्ही हातांनी. धाकटीने अंगठ्याचं नख ओळीच्या सुरुवातीला टेकवलं. नख उडत होतं, घसरत होतं, परत जागेवर येत होतं, पण ते ओळीवरून शेवटपर्यंत गेलं. लहानपणी नख फिरवणाऱ्याच्या जागी ताई असायची आणि मान वर करून निकालाची वाट बघणारी धाकटी असायची.

"वाकडं आहे, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "पण माझं नाही."

ताईलाही ते कळलं होतं, शिवतानाच कळलं होतं. तिचं वाकडं हे मुद्दाम वाकडं होतं. ते सरळ जायची धडपड करत नव्हतं.

"उसव," धाकटी म्हणाली.

ताईने मुकाट्याने ब्लेड उचललं आणि चष्मा नीट बसवला. एकेक टाका तिने अगदी हलक्या हाताने, कापड न ओढता कापला. ती भोकं मोठी होऊन चालणार नव्हतं. धाकटीच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं.